एफ-सात कुणाचा?

मागच्या महिन्यात कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात एका ओळखीच्या अडत्याकडं चहाला बसलो होतो. ते माझं गिऱ्हाईक नाहीत, आणि आता व्हायची शक्यताही नाही. काउंटरवर विशीतली एक मुलगी शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी काढत होती. पलीकडं शेतकरी उभा, टोपी हातात, नजर प्रिंटरवर. पोरीनं वजनं भरली, मान वर न करता कीबोर्डवरचा एफ-सात दाबला आणि हमालीची चौकट उघडली.

मी कप खाली ठेवला. "हमाली एफ-सातलाच का गं?"

उजव्या हातानं का जेवतेस असं विचारल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं. "हमाली एफ-सातलाच असत्या की, काका."

तो प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. माझ्याकडं पूर्वी कामाला असलेल्या एका पोरानं लिहिलाय. एफ-सात मात्र माझा. म्हणजे मी बरीच वर्षं तसं धरून चाललो होतो, आणि त्यापायी एक अख्खा हंगाम त्या पोराशी बोललो नव्हतो.

गोष्ट २००४ पासूनची आहे. राजारामपुरीत एका जिन्याखालच्या खोलीत मी आणि एक सेकंडहँड कॉम्प्युटर. व्हीबी-सिक्स ही प्रोग्रॅम लिहायची भाषा येत होती, बाकी फारसं काही येत नव्हतं. गुळाच्या एका पेढीनं पट्टीचा प्रोग्रॅम करून मागितला. ज्यांना यार्ड माहीत नाही त्यांच्यासाठी: गुऱ्हाळावरून गुळाचे रवे येतात. रवा तीस किलोचा म्हणायचा, पण एखादा एकोणतीस नऊशे भरतो, एखादा तीस चारशे. सौद्यात रंग आणि कणी बघून दर निघतो. वजन गुणिले दर, त्यातून हमाली, तोलाई वजा, हंगामाआधी शेतकऱ्यानं घेतलेली उचल वजा, आणि खाली जो आकडा उरतो त्यावर त्या घरातलं लग्न ठरतं किंवा पुढं ढकललं जातं. त्या कागदाचं नाव पट्टी.

पेढीवर एक दिवाणजी होते. सगळे त्यांना दिवाणजीच म्हणत. मी पहिला स्क्रीन करून नेला त्यात वजनं एकाखाली एक होती, शाळेत बेरीज मांडतात तशी. त्यांनी तो मिनिटभर बघितला आणि म्हणाले, "ही काय किराणा मालाची यादी हाय? मला ह्यात काय दिसंना." मग आपली वही उघडून दाखवली. एका ओळीत पाच रवे. पाच रव्यांचे दीडशे. ओळीच्या शेवटी दीडशेच्या आसपास आकडा नसला की तोलताना नाहीतर लिहिताना चुकलंय, हे बेरीज न करताच कळतं. साठ रव्यांच्या पानावर त्यांचं बोट थेट त्या ओळीवर जायचं. मी स्क्रीनवर पाच-पाचच्या ओळी केल्या. पुढं पत्रक छापलं तेव्हा त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: 'पाच रव्यांची ओळ, फक्त आमच्याकडे'.

फक्त आमच्याकडे. आज ते पत्रक हातात आलं की कानकोंडं व्हायला होतं.

एफ-सातची कथा याहून साधी. मी क्रमानं कळा दिल्या होत्या. पाचला तोलाई, सहाला हमाली, सातला उचल. दिवाणजींची सवय अशी की कुठल्याही लॉटमधला चिमूटभर गूळ जिभेवर ठेवल्याशिवाय ते पान उघडत नसत, आणि त्याच बोटांनी कीबोर्डला हात. महिनाभरात एफ-सहा चिकटून बसला. दाबला की वरच येईना. यार्डात तेव्हा लगेच नवा कीबोर्ड कुठून आणायचा, म्हणून मी तिथल्या तिथं हमाली सातला सरकवली, उचल आठला. आठवड्यानं नवा कीबोर्ड आला. मी सगळं पूर्ववत करायला बसलो तर दिवाणजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे आता. हात बसलाय." एफ-सहा रिकामा राहिला. मग तीच प्रत दुसऱ्या पेढीत, तिसऱ्या पेढीत. काही वर्षांत गुळाच्या बाजारात हमाली म्हणजे एफ-सात झालं.

पोरगा २००८ मध्ये आला. नाव लिहीत नाही, राधानगरीकडचा. हुशार, अबोल, डबा खाताना सुद्धा स्क्रीनकडं बघणारा. पट्टी छापण्याचा सगळा भाग त्यानं लिहिला. कागद कमी लागावा म्हणून दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या एकाच पानावर मध्ये टिपक्यांची रेघ देऊन छापायची, ही त्याची युक्ती. २०११ ला सोडून गेला. २०१२ च्या दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्यांना गेलो तर माझ्या दोन जुन्या पेढ्यांवर वेगळाच प्रोग्रॅम. पाच रव्यांची ओळ. एफ-सात. टिपक्यांची रेघ. किंमत माझ्यापेक्षा निम्मी.

त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. बायको म्हणाली, "मी तर तवाच सांगितलो होतो, कागद करून घ्या म्हणून." (आमच्याकडं बायका असंच बोलतात. पुण्याच्या वाचकांनी व्याकरण तपासू नये.)

वकील मित्राकडं गेलो. आता शहरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलंय, तेव्हा मुंबईचा रस्ता धरावा लागायचा. माझी तेवढीही तयारी होती. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "तुझा कोड उचलला का त्यानं?"

"नाही. नव्यानं लिहिलंय. भाषापण दुसरी आहे."

"मग चोरलं काय?"

"कल्पना."

"कल्पनेला मालक नसतो, भावा."

मग त्यानं कपाटातून १९५७ चा कॉपीराइट कायदा काढला. प्रोग्रॅम त्यात १९८४ च्या दुरुस्तीनं आला, आणि आला तो 'साहित्यकृती' म्हणून. म्हणजे कायद्याच्या लेखी माझी हमालीची चौकट आणि मराठी कादंबरी एकाच फळीवर. लेखकाच्या हयातभर आणि पुढं साठ वर्षं संरक्षण. माझा व्हीबी-सिक्सचा कोड माझ्या नातवंडांपर्यंत सुरक्षित! नोंदणीही सक्तीची नाही. पण संरक्षण मिळतं ते लिहिलेल्या ओळींना, त्यामागच्या युक्तीला नाही. आर. जी. आनंद नावाच्या नाटककारानं आपल्या नाटकावरून सिनेमा काढला म्हणून दावा लावला होता. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. तो हरला. विषय दोन्हीकडं एकच होता तरी हरला.

"पेटंट?" मी विचारलं.

पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये २००२ च्या दुरुस्तीनं स्वच्छ लिहिलंय: गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणक-प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं अध्यादेश काढून त्या 'निव्वळ' शब्दातली फट थोडी रुंद करायचा प्रयत्न केला होता, २००५ ला संसदेनं ते काही मान्य केलं नाही. यंत्रावर काही तांत्रिक परिणाम दाखवता आला तर आजही वाट निघते, पण माझी पाच रव्यांची ओळ तांत्रिक परिणाम घडवते असं कुठल्या तोंडानं सांगणार? ती दिवाणजींच्या वहीत शाईनं लिहिलेली होती.

जाता जाता मित्रानं एक दिलासा दिला. "तो पगारावर असताना त्यानं जे लिहिलं ते सगळं तुझं. वेगळा करार नसला की मालक तूच." म्हणजे टिपक्यांच्या रेघेचा कोड माझा. ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचा नाही, ज्यानं पगार दिला त्याचा. मी खूश व्हायला हवं होतं. जिना उतरताना मात्र डोक्यात एकच घोळत राहिलं: त्या पोरानं आपल्याच हातानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा लिहिली तर तो चोर कसा? त्यानं ती विसरायला हवी होती का?

(आणखी एक. ज्या अडत्यानं पैसे देऊन माझ्याकडून प्रोग्रॅम करून घेतला, त्याचाही तो होत नाही. लेखी हस्तांतर लागतं. हे अजून त्यांना सांगितलेलं नाही, कृपया कुणी सांगू नका.)

तरी राग जात नव्हता. रात्री इंटरनेटवर स्वतःच्या बाजूचं काहीतरी शोधत बसायचो आणि सापडायचं उलटंच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क आणलं. आडव्या-उभ्या चौकटी, एक आकडा बदलला की पुढचे सगळे आपोआप बदलतात. आज जगातला निम्मा हिशेब ज्या कल्पनेवर चालतो ती हीच. त्यांनी पेटंट घेतलं नाही. त्या काळी प्रोग्रॅमला ते मिळणं अवघडच होतं. १९८३ ला त्याच कल्पनेवरचं लोटस १-२-३ आलं आणि बाजार घेऊन गेलं. इथवर वाचून मला ब्रिकलिनबद्दल सख्ख्या भावासारखं वाटायला लागलं होतं.

पण पुढं वाचलं. त्याच लोटसनं नंतर बोरलँड कंपनीवर खटला भरला. का, तर बोरलँडनं आपल्या प्रोग्रॅममध्ये लोटसच्या मेनूतल्या आज्ञा तशाच्या तशा दिल्या होत्या. लोटसवर हात बसलेल्या माणसाला नवं शिकावं लागू नये म्हणून. कोड एका ओळीचाही घेतला नव्हता. १९९५ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं, मेनू ही यंत्र चालवायची पद्धत आहे, व्हीसीआरवरच्या बटणांसारखी, त्यावर कॉपीराइट नाही. १९९६ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश चार विरुद्ध चार झाले आणि तोच निकाल कायम राहिला.

दुसऱ्याच्या उघड्या कल्पनेवर मोठी झालेली कंपनी, स्वतःच्या मेनूसाठी कोर्टात. स्क्रीनसमोर बसल्या बसल्या मला कळलं की मी ब्रिकलिन नाही. मी लोटस आहे. आणि यार्डातल्या दिवाणजींना हात बसलेला एफ-सात सोडा, दुसरा शिका, असं सांगायला निघालोय.

सगळंच मोकळं असावं असं मात्र मी म्हणत नाही. आरएसए नावाची गुप्तलेखनाची पद्धत एमआयटीतल्या तिघांनी शोधली, १९८३ ला अमेरिकेत पेटंट मिळालं, २००० पर्यंत चाललं. ती सुचायला आयुष्य घालवलेलं डोकं लागतं. त्यांना काही वर्षं पैसे मिळाले तर माझं पोट दुखत नाही. पण त्याच कायद्यानं १९९९ मध्ये ॲमेझॉनला 'एका क्लिकमध्ये खरेदी' याचं पेटंट दिलं, आणि ते २०१७ पर्यंत टिकलं. एक क्लिक! आमच्या गल्लीतला वाणी 'लिहून ठेवा' एवढ्या दोन शब्दांत सामान देतो, तो काय कमी आहे? पेटंटची वीस वर्षं औषधाला ठीक असतील. मला २००४ ला पेटंट मिळालं असतं तर ते २०२४ ला संपलं असतं. तोवर व्हीबी-सिक्सच संपलं होतं.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्न बनवायचे. सागवानी लाकडाचा साचा, त्यावरून फौंड्रीत वाळूत ठसा, त्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. पॅटर्न तयार झाला की त्यावर गिऱ्हाइकाचं नाव रंगवलं जायचं. फौंड्रीच्या माळ्यावर दहा वर्षं धूळ खात पडला तरी मालक गिऱ्हाईक. बनवणाऱ्याचं नाव कुठंच नाही. वडिलांना त्याचं कधी काही वाटलेलं मी बघितलं नाही. मात्र कुणी तुटका पार्ट घेऊन 'ह्याच्यावरनंच डायरेक्ट ठसा काढा की' म्हणालं की ते हसायचे. त्यांच्या पेटीत एक पोलादी पट्टी होती, तिच्यावरची फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, मोठी. बीड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत. ही घट धरल्याशिवाय नुसत्या पार्टवरून ठसा काढला तर नक्कल तेवढी लहान निघते. बघताना कळत नाही. बसवायला गेलं की कळतं.

बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथं कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा बनवला, त्याचा वडिलांना फार अभिमान. दामलेंना सोबत घेऊन त्यांनी तो लेथवर उभा केला. कॅमेऱ्याची कल्पना त्यांची नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. अमेरिकेत एडिसनच्या गोटानं १९०८ मध्ये पेटंटं एकत्र करून कंपनी काढली होती आणि कॅमेरा चालवणाऱ्यांच्या मागं वकील लावले होते; १९१५ मध्ये तिथल्या कोर्टानं ती बेकायदा ठरवली. तसा वकील कोल्हापुरात आला असता तर बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कुठून उभी राहिली असती? वडिलांसमोर हे बोललो असतो तर म्हणाले असते, "घट त्यांनी स्वतः काढली न्हवं? मग कॅमेरा त्यांचाच."

आता पोराकडं येतो. २०१३ चा उन्हाळा, हंगाम संपत आलेला, रात्री दहाला त्याचा फोन. सहा महिन्यांत पहिला. "दादा, रुपाया कुठं जातोय?" त्याच्या एका पेढीची खतावणी जुळत नव्हती. पट्टीमागं कधी रुपया कमी, कधी जास्त. ऐकताक्षणी मला कळलं. दिवाणजींच्या वहीत रुपयाखालचे पैसे प्रत्येक लॉटला मोडले जायचे, म्हणजे आकडा पूर्ण रुपयात धरला जायचा, म्हणून मीही तसंच केलं होतं. तो सगळ्या लॉटची बेरीज झाल्यावर शेवटी मोडत होता. स्क्रीनवर ते दिसत नाही. त्यानं माझी चौकट नेली होती, घट नेली नव्हती.

मी म्हणालो, "बघून सांगतो." तीन दिवस सांगितलं नाही. ते तीन दिवस फार मजेत गेले, खोटं कशाला बोलू. चौथ्या दिवशी सांगितलं.

मागच्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गावाचं नाव घेतलं नाही, तेव्हा चौकाचौकात संताप होता. मीही तावातावानं बोलत होतो. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण ते नावाचं कुंपण. तशी चप्पल शिवायची कुणाला बंदी नाही. हायकोर्टातली जनहित याचिकाही पुढं फेटाळली गेली. त्याआधीच कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय हस्तकलेची प्रेरणा असल्याचं कबूल केलं, तेव्हा कट्ट्यावर जरा थंडावा आला. पैसा कुणालाच मिळालेला नव्हता तेव्हा. नुसतं नाव.

त्याच रात्री ऑफिसात एकटा होतो. प्रोग्रॅमची 'आमच्याविषयी' चौकट उघडली. माझं नाव, मोबाईल नंबर, गणपतीचं चित्र. पोराचं नाव नाही. आत जी दहा-बारा फुकट लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार कोड, वापरल्यात, त्यांचे लेखक परवान्यात एवढंच मागतात की आमच्या नावाची ओळ काढू नका; ती मी अशा एका फाइलमध्ये ठेवलीय जी कुणी जन्मात उघडणार नाही. आणि दिवाणजींचं नाव घालावं म्हणून कीबोर्डवर हात ठेवला तर लक्षात आलं, मला त्यांचं नाव माहीतच नाही. दिवाणजी. बारा वर्षं त्यांच्यासमोर बसलो आणि आडनावसुद्धा विचारलं नाही. ते जाऊनही बरीच वर्षं झाली.

सकाळी पेढीवर गेलो. मालकांच्या मुलानं माळ्यावरची जुनी पगाराची वही काढून दिली, त्यात सापडलं. आता नव्या आवृत्तीत त्या चौकटीत पहिली ओळ त्यांची आहे, दुसरी पोराची, टिपक्यांच्या रेघेसाठी. घरच्यांना विचारल्याशिवाय इथं नाव लिहीत नाही.

परवा यार्डातून आल्यावर पोराला फोन केला. आता त्याच्याकडं सहा माणसं आहेत, माझ्याकडं दोन. मुलीचं ते 'असत्या की, काका' सांगितलं तर तो मनापासून हसला. मग म्हणाला, "दादा, एक विचारू? एफ-सहा तुम्ही रिकामा का ठेवलाय ते मला कधी कळलंच न्हाई. कायतरी कारण असंल म्हणून मीबी रिकामाच ठेवला."

मी त्याला दिवाणजींची गुळाची चिमूट सांगितली. पलीकडं बराच वेळ नुसतं हसणं.

"आता ऱ्हाऊ दे पण," तो म्हणाला, "तिथं काय घालायचं न्हाई."